दत्तोजीरावांची ताकद

क्षय हा दुबळ्यांचा रोग, असं दत्तोजीराव वस्ताद आयुष्यभर सांगत आले. गरडीत, म्हणजे त्यांच्या तालमीत, नुसतं शिंकणाऱ्यालाही ते जोर मारायला लावत. पणजोबा संस्थानच्या महाराजांच्या फौजेत होते. या घराण्यात कुणी आजारी पडू शकतं, हेच त्यांना मान्य नव्हतं. स्वतःला खोकला लागला तेव्हा त्यांनी जोर वाढवले. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्यांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी, त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

सहा महिने गोळ्या खाल्ल्या. मुकाट्याने नव्हे. शेवटी कफ स्वच्छ निघाला. आता फक्त डॉक्टरीणबाईंचा होकार हवा होता. दसऱ्याच्या कुस्त्यांआधी त्यांना हौद्यात उतरायचं होतं.

डॉक्टरीण वसंताबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक काळं वर्तुळ होतं.

"जंतू मेले ना?"

"मेले."

"मग हे भोक कुणी पाडलं?"

"बरंचसं तुमच्याच शरीरानं. जंतू शिरले, त्यांना कोंडायला पेशी धावल्या. भोवती कडं केलं. आतले जंतू मरेनात, पेशी हटेनात. त्या झटापटीत मधलं मांस सडलं आणि खोकल्यावाटे गेलं. उरली पोकळी. भोवती व्रण. तो फुप्फुसासारखा फुगत नाही."

"म्हणजे ताकद कमी पडली माझी?"

"नाही हो! प्रतिकार जोरदार झाला म्हणून पोकळी पडली. अगदी खंगलेल्या शरीरात ती बरेचदा पडत नाही, तिथे जंतूच सगळीकडे पसरतात. कुस्ती बंद. रोज थोडं चाला. हळू."

घरी येताच त्यांनी छाती काढून सांगितलं, "ऐकलंत? ताकद होती म्हणून भोक पडलं."

"अय्यो, मग हार घालून मिरवणूक काढू का?" गोदावरीबाईंनी ताट आदळलं.

दुसऱ्या दिवशी ते गरडीत गेलेच. हौद्यातली माती उकरायला फावडं उचललं. चार घाव घातले आणि भिंतीला टेकले. श्वास पुरेना. फावडं जड, माती ओली, दांडा सैल, सगळ्यांवर चिडून झालं. त्यांचा लाडका पठ्ठ्या चिदंबर, बसडेपोतला फिटर, त्याने फावडं काढून घेतलं. उकरता उकरता तो तोंड फिरवून खोकला. पुन्हा खोकला.

"कधीपासून?"

"धूळ आहे, वस्ताद."

"कधीपासून विचारलं!"

"महिना झाला असेल. मला काय होतंय? मी दणकट आहे."

दत्तोजीरावांच्या कपाळाची शीर उडाली. वाक्य त्यांचंच होतं, सूरही त्यांचाच. कुठे शिकलास, असं विचारायची सोय नव्हती.

"दणकट आहेस म्हणूनच सांगतोय, गाढवा! शर्ट घाल. दवाखान्यात चल."

"पण हौदा?"

"साकु, पुरे! राहू दे तो हौदा."

चिदंबर खाली मान घालून भराभर पुढे निघाला.

"अरे हळू," मागून दत्तोजीराव धापा टाकत ओरडले, "मलाही यायचंय ना!"