अल ऐनच्या पाच खुर्च्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मिशनच्या शाळेत माळी होते, आई त्याच शाळेच्या वसतिगृहात भाकऱ्या करायची. मी बी.कॉम. झाले आणि आज अबू धाबीजवळच्या मुसफ्फात एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. मीटिंगचे मिनिट्स लिहावेत तर हिनेच, असं आमचे मॅनेजर चारचौघांत म्हणतात. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या अभिमानापायीच मी आमच्या वार्षिक सभेत तोंडावर पडले, म्हणून आधी सांगून ठेवते.

माझं माहेर साध्या मराठी ख्रिस्ती मंडळीतलं. लग्न झालं ते बुंदेलखंडातल्या क्वेकर घरात. क्वेकर म्हणजे ख्रिस्तीच, स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. गाणी, प्रवचन, उठून आपला देवाचा अनुभव सांगायची साक्ष, सगळं आपल्यासारखं. पण बाप्तिस्म्याला पाणी नाही, प्रभुभोजनाला भाकर नाही, आणि उपासनेत मध्येच सगळे गप्प बसतात. प्रवचन करणारा पाळकसुद्धा. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून सांगतो, नाही वाटलं तर नाही. लग्नानंतर पहिल्यांदा फोनवर हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मग तुम्ही करता तरी काय?"

"बसतो."

"ते तर मी बागेतही करतो."

इथे अमिरातीत आमच्या पाच छोट्या मंडळ्या आहेत. केनियाचे लोक सगळ्यात जास्त, मग नेपाळी, मग बुंदेलखंडातले, थोडे फिलिपिनो. कुणी गार्ड, कुणी नर्स, कुणी इलेक्ट्रिशियन. वर्षातून एका रविवारी सगळे मुसफ्फाच्या चर्च कंपाउंडमधल्या हॉलमध्ये जमतात. सकाळी उपासना, मग जेवण, मग कामकाज. हॉल चार वाजेपर्यंतच आपला, त्यानंतर तो एका मल्याळी मंडळीचा. इतकी वर्षं कामकाजाच्या वेळी मी भांडी आवरण्यात नाहीतर मुलीच्या मागे असायचे. या वर्षी लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

सभा चालवणारे गृहस्थ केनियाचे, साठीला आलेले, खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवतात. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं सगळे त्यांना 'म्झे' म्हणतात. विषयपत्रिकेवर मोठा विषय एकच होता, अल ऐन शहरातली मंडळी. तिथे पाचच जण उरले होते. माझा नवरा दर रविवारी दीड तास गाडी चालवून तिथे प्रवचनाला जायचा आणि दीड तास परत. ती मंडळी बंद करून मुसफ्फात सामील करून घ्यावी, ही सूचना माझीच. मी आधीच फोन करून सगळ्यांची मतं घेतली होती. अल ऐनमधून तिथल्या स्कूल बसच्या ड्रायव्हरला फोन केला होता. तोही म्हणाला, "जी दीदी, ठीक है." मग काय, गुरुवारी ऑफिसमधून येऊन मी ठराव लिहून काढला, टाइप केला आणि फाइलला लावला. 'अल ऐन मंडळी मुसफ्फा मंडळीत विलीन करण्याचा ठराव बहुमताने मंजूर.'

सभेच्या सकाळी मी ती फाइल म्झेंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं.

"सिस्टर, हे कधी लिहिलंस?"

"गुरुवारी. फक्त तुमची सही बाकी आहे. तेवढाच वेळ वाचेल."

"गुरुवारच्या सभेला कोण कोण होतं?"

मी हसले. "मी होते."

"मग बहुमत झालं असणार," ते म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी बायबलमध्ये ठेवली. "आपल्यात हात वर करत नाहीत. सगळ्यांना पटलं की तिथेच लिहायचं, तिथेच वाचून दाखवायचं. एकाला जरी पटलं नाही तरी थांबायचं."

मला वाटलं, बोलायला ठीक आहे. चाळीस-पन्नास माणसं एका माणसासाठी थांबली तर कारभार व्हायचा कसा?

सकाळची उपासना मात्र बघण्यासारखी झाली. केनियाच्या बायकांनी स्वाहिलीत गाणं धरलं आणि आमचे बुंदेलखंडी काका ढोलकीवर बसले. त्यांना गाण्यातला एक शब्द कळत नव्हता, पण एकही ठोका चुकला नाही. रात्रपाळी करून आलेला एक गार्ड युनिफॉर्ममध्येच उभा राहून गात होता. जेवणात बिर्याणी होती आणि केनियाच्या पद्धतीच्या जाड चपात्या. नेपाळी पोरींनी मला बळेच दोन वाढल्या. कामाने पिचलेली ही माणसं आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीचा दिवस आनंदाने देतात, याचं मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटतं.

कामकाज सुरू झालं. म्झेंनी अल ऐनचा विषय मांडला. सगळे माना डोलावत होते. मी पेन उघडलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली. केनियाचीच, अल ऐनच्या एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणारी. आजच्यासाठी तिने दोन ड्युट्या बदलून घेतल्या होत्या. ती म्हणाली, "मला हे पटत नाही," आणि खाली बसली.

बस. ऑफिसमध्ये अशा वेळी आम्ही म्हणतो, खलास, पुढचा मुद्दा. इथे म्झेंनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले.

शेजारी माझी आठ वर्षांची मुलगी कुजबुजली, "मम्मा, व्हाय इज नोबडी सेइंग एनीथिंग?"

"गप्प बस."

"बट एव्हरीबडी इज गप्प."

बऱ्याच वेळाने एका नेपाळी इलेक्ट्रिशियनने विचारलं, "दीदी, का पटत नाही, सांगाल?"

ती पुन्हा उठली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मला रविवारी सकाळी सुट्टी असते. एक वाजता ड्युटी. मुसफ्फाला येऊन मी एकपर्यंत परत पोचू शकत नाही. तुमच्या यादीत माझं नाव येईल आणि मी माझ्या खोलीत बसलेली असेन. चौघे इकडे आले तरी चालेल. मी तिथे एक खुर्ची मांडून बसेन. पण मी मुसफ्फात आहे असं लिहू नका, कारण मी नसणार."

मग अल ऐनचा तो ड्रायव्हर उठला. माझ्याकडे बघत म्हणाला, "मलाही यायला जमणार नव्हतं. पण दीदींनी इतक्या प्रेमाने फोन केला, नाही कसं म्हणू?"

मी सगळ्यांना विचारलं होतं असं मला वाटत होतं. खरं तर मी सगळ्यांना सांगितलं होतं. आणि लाँड्रीतल्या त्या बाईला तर फोनच केला नव्हता, कारण पाचांतल्या एकाला विचारलं म्हणजे झालं, असा माझा हिशोब.

पावणेचार झाले. बाहेर मल्याळी मंडळीच्या गाड्या लागायला लागल्या. मी म्झेंच्या कानाशी गेले. "वेळ संपत आली. हा विषय पुढच्या वर्षी घेऊ या का?"

"वेळ कमी आहे," ते म्हणाले, "म्हणून थोडं बसू या."

आणि बसले. त्या मल्याळी मंडळीच्या एका वयस्क गृहस्थांनी दार उघडून आत डोकावलं, सगळा हॉल डोळे मिटून बसलेला बघितला आणि दार हळूच लावून घेतलं. मी तोवर घड्याळाकडेच बघत होते. मग बघायचं सोडलं. तिची ती एक खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

म्झेच पहिल्यांदा बोलले. "खोर फक्कानहून आम्ही महिन्यातला एक रविवार अल ऐनला जाऊ. लांब आहे, पण जाऊ." शारजावाले म्हणाले, एक आमचा. दुबईवाले म्हणाले, एक आमचा. मी उठले आणि म्हणाले, "शेवटचा रविवार आमच्या घराचा." नवऱ्याने चमकून माझ्याकडे बघितलं. दर रविवारची फेरी नको म्हणून महिनाभर त्याच्या मागे लागलेली मीच होते.

मी कागद घेतला आणि हाताने लिहिलं. अल ऐनची मंडळी चालू आहे. तिथे पाच जण बसतात. बाकीच्या मंडळ्या पाळीपाळीने त्यांच्यासोबत बसतील. म्झेंनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हेच आपलं म्हणणं आहे का?

लाँड्रीतली ती बाई म्हणाली, "वेळही लिहा. दहा ते साडेबारा. साडेबाराला मला निघावं लागतं."

मी लिहिलं. पुन्हा वाचलं गेलं. सगळे म्हणाले, मान्य. तीही म्हणाली. बाहेर आलो तेव्हा सव्वाचार झाले होते. म्झेंनी त्या मल्याळी गृहस्थांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "देवाच्या घरात पंधरा मिनिटं इकडेतिकडे."

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही अल ऐनला गेलो. तिथे चर्च कंपाउंडमधली एक लहानशी खोली मिळते. आम्ही पोचलो तर लाँड्रीतल्या त्या बाईने आधीच खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांच्या पाच आणि आमच्या तीन. गाणी झाली, नवऱ्याचं प्रवचन झालं, मग सगळे गप्प बसलो. मुलगीही बसली, अधूनमधून पाय हलवत. शेवटी ड्रायव्हर उठून साक्ष देऊ लागला. गावाकडच्या त्याच्या आजारी भावाची हकीकत होती आणि ती चांगली रंगली होती. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. साडेबाराला दोन मिनिटं कमी होती.

"बाकी पुढच्या रविवारी," तो म्हणाला आणि खाली बसला.

तिने प्रार्थना केली, छोटीशी, उभ्या उभ्याच. पर्स खांद्याला लावली, माझ्या मुलीच्या गालाला हात लावला आणि ड्युटीला गेली. खुर्च्या आम्ही उरलेल्यांनी आवरल्या.