पेनल्टीचा मान

विरूपाक्ष बिराजदार माझा बालमित्र आहे आणि मी आजवर पाहिलेला सगळ्यात वाईट कप्तान आहे. या दोन्ही गोष्टी मी त्याला तोंडावर सांगितल्यात. दोन्ही वेळा त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

आमचा नवतरुण फुटबॉल क्लब, उदगीर. नाव ठेवलं तेव्हा ते खरं होतं. आता आमच्यातल्या चौघांना चाळिशी लागलीय आणि चेंडू डोक्यानं मारायचा तर आधी चष्मा कुणाकडं तरी द्यावा लागतो. मी दयानंद, गोलकीपर, पेशानं मास्तर. गोलकीपरला काम कमी आणि दिसतं सगळं, असं म्हणतात. आमच्या संघात मला कामही पोटभर असतं.

विरूचं घर कापडवाल्यांचं. दुकान त्याचे थोरले भाऊ गुरुबसप्पा चालवतात, त्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं. विरूही गादीवर बसतो, पण गल्ल्यापासून दोन हात लांब. त्याचं काम साड्या उलगडायचं. साठ साड्या उलगडून घेऊन बाई "बघून येते" म्हणत उठली, तरी हा हात जोडून म्हणणार, "या बरं का, मावशी." गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलंय. दुकानात काय करायचं ते अण्णा ठरवणार, घरात काय करायचं ते त्याची आई सिद्धम्मा ठरवणार. विरूनं काही ठरवावं अशी जागा पृथ्वीवर एकच होती, ती म्हणजे आमचं मैदान. कप्तानाची पिवळी पट्टी दंडाला बांधली की तो जरा ताठ चालायचा. त्याची बायको मंजुषावहिनी एकदा मला म्हणाल्या, "भाऊजी, ती पट्टी हातानंच धुवावी लागते बघा. मशीनमधी टाकू देत न्हाईत."

अडचण एवढीच, की मैदानातही तो साड्याच उलगडायचा, मग समोर आमचा हरिओम असो की आणखी कुणी.

"हरिओम, आज तुला कुठं खेळायचंय? डिफेन्सला? नको? बरं, उजव्या अंगाला बघ. ते बी नको? मग फॉरवर्डला दाखवू का?"

अशानं किती तरी मॅचला आम्ही नऊ फॉरवर्ड घेऊन उतरलो आहोत. मागं मी, विरू आणि परमेश्वर. नाणेफेक जिंकली तर हा समोरच्या कप्तानाला म्हणणार, "तुम्ही पाहुणे, तुम्हीच बाजू निवडा." मग पाहुणे ऊन पाठीवर घ्यायचे आणि ते माझ्या डोळ्यात यायचं. रेफ्रीशी बोलायचा हक्क कप्तानाला असतो. एकदा आमच्यावर ढळढळीत अन्याय झाला, आम्ही सगळ्यांनी विरूला पुढं ढकललं. तो रेफ्रीजवळ गेला आणि म्हणाला, "साहेब, गाडी वेळेवर मिळाली नव्हं येताना?"

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. खरा घात पेनल्टीनं केला.

त्यासाठी लग्नाचा बस्ता समजून घ्यावा लागेल. लग्नाची खरेदी करायला दोन्हीकडची मंडळी दुकानात येतात, तेव्हा आहेराची भलीमोठी यादी निघते. कुणाला कसलं कापड घ्यायचं ते नात्यावर ठरतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते रुसण्यावर ठरतं. जी आत्या मागच्या लग्नात न जेवता निघून गेली होती तिला भारीतली साडी. जो मावसा मांडवात तोंड फिरवून बसतो त्याला सफारीचं कापड. आणि यादीत शेवटी एक समजूतदार माणूस असतो. त्याचं नाव आलं की सगळे एका सुरात म्हणतात, "त्याचं चालतंय." त्याला टॉवेल-टोपी. विरूनं असे हजारभर बस्ते बांधले असतील. कोण रुसेल हे त्याला माणूस दुकानाची पायरी चढतानाच कळतं.

त्यानं पेनल्टीचा असाच आहेर करून टाकला. सात वर्षं तो कप्तान, सात वर्षांत आम्हाला पेनल्ट्या मिळाल्या नऊ. एक दिली ज्याचं लग्न ठरलं होतं त्याला. तो लाजला आणि चेंडू शेजारच्या तुरीत गेला. एक दिली अपेंडिक्सचं ऑपरेशन करून आलेल्याला. डॉक्टरांनी जोर लावू नको म्हणून सांगितलं होतं, त्यानं लावला नाही. चेंडू वाटेतच थांबला. उरलेल्यांतल्या पाच हरिओमनं मारल्या, कारण हरिओम हा आमचे अध्यक्ष हणमंतराव यांचा भाचा आणि रुसण्यात तालुक्यात पहिला. नऊपैकी गोल शून्य.

आणि आमच्याकडं संगमेश होता. एसटी डेपोत मेकॅनिक, दिवसभर गाड्यांखाली झोपून नटबोल्ट पिळायचा आणि संध्याकाळी मैदानात यायचा. त्याच्या लाथेला असा जोर, की सरावात मी सरळ बाजूला व्हायचो. यंदा आमचे सहा गोल झाले, सहाही त्याचे. त्याला पेनल्टी एकदाही मिळाली नाही. मी विरूला विचारलं, तर म्हणाला, "संगमेशचं काय न्हाई रे. समजूतदार हाय त्यो."

यंदाच्या विभागीय लीगमध्ये आम्ही तळाला होतो आणि तळाच्या संघाचं नाव पुढच्या वर्षी कमी होणार होतं. शेवटची मॅच मुखेडशी, आमच्याच मैदानावर. जिंकलो तरच वाचणार, बरोबरी चालणार नव्हती. हणमंतरावांनी चहाच्या गाड्यावर चारचौघांत सांगून टाकलं, "नाव कमी झालं तर पट्टी हरिओमला." विरू हसला. पण त्या आठवड्यात त्यानं हिरवी मागणाऱ्या बाईपुढं जांभळी टाकली आणि अण्णांची बोलणी खाल्ली. रात्रीचं जेवण निम्म्यावर सोडून उठतात, असं वहिनींनी सांगितलं. मॅचच्या आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर तो मला म्हणाला, "दया, पट्टी गेली तर मी जन्मभर नुस्त्या साड्याच उलगडणार की रे."

मला इतका राग आला होता, तो विरघळला. इतका वाईट कप्तान आणि त्याला कप्तान राहण्याची इतकी गरज, असं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मॅचला बरीच माणसं आली. हणमंतराव रेषेजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत. विरूनं नाणेफेक जिंकली आणि पाहुण्यांना बाजू निवडायला दिली. दहाव्या मिनिटाला ऊन डोळ्यात असताना मी गोल खाल्ला. त्यावर मी काय बोललो ते शाळेत कळलं तर माझी नोकरी जाईल. तास उलटून गेल्यावर संगमेशनं दोघांना चुकवून बरोबरी केली. आणि शेवटचं मिनिट राहिलं असताना मुखेडच्या एका दांडग्या पोरानं आपल्याच गोलपुढं चेंडू हातानं अडवला. रेफ्रीनं शिट्टी मारून बोट दाखवलं. पेनल्टी.

मी गोल सोडून पार पेनल्टीच्या जागेजवळ धावत आलो, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. हरिओमनं सवयीनं चेंडू उचलून काखेत घेतला होता. हणमंतराव खुर्चीतून उठून सदरा नीट करत होते. आणि संगमेश, तोही सवयीनं, पाठ फिरवून मागं चालायला लागला होता. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. विरू त्याच्या पाठीकडं बघत राहिला.

"हरिओम, चेंडू दे," विरू म्हणाला.

"कशाला?"

"संगमेश मारंल."

"मामा बघून राहिलेत तिथनं."

"बघू दे."

"मग मी पुढच्या साली येत न्हाई बघ, विरूअप्पा. आधीच सांगून ठेवतो."

"न्हाई आलास तर न्हाई," विरू म्हणाला आणि चेंडू त्याच्या काखेतून ओढून घेतला.

मी या माणसाला तिसरीपासून ओळखतो. त्यानं कुणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. संगमेशला हाक मारून आणलं, तर तो घाबरलाच. "मला कशाला, अप्पा? मी कधी मारली न्हाई." विरूनं चेंडू त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाला. संगमेशनं चेंडू तीनदा ठेवला, तीनदा उचलला. पळत्या चेंडूला डोळे झाकून मारणारा हा गडी, पण थांबलेल्या चेंडूपुढं एकट्यानं उभं राहायची त्याला सवयच नव्हती. त्यानं मारला. चेंडू गोलपोस्टावरून गेला आणि रस्त्यावरच्या एका ऑटोच्या टपावर आदळला.

शिट्टी झाली. एक-एक. आमचं नाव गेलं.

विरू संगमेशजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हरकत न्हाई."

"हरकत हाय," संगमेशनं हात झटकला. "लई हरकत हाय. सात वर्षं झाली. नऊ पेनल्ट्या तुम्ही गावाला वाटल्या. त्यातली एक मला दिली असती तर आज पाय कापले नसते माझे. मी रुसत न्हाई म्हणून का? मला बी रुसता येतं." आणि तो खरोखर रेषेवर जाऊन आमच्याकडं पाठ करून बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

विरू त्याच्यासमोर जाऊन खाली बसला. मातीतच, मांडी घालून, दुकानात बसतो तसा. "बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "घरात माझ्या वाट्याला बी हेच आलंय. विरूचं चालतंय, विरू समजूतदार हाय. मला तर कळायला पाहिजे होतं." त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी आपला हातमोजे काढत राहिलो.

एवढ्यात हणमंतराव भाच्याला घेऊन आले. त्यांनी पट्टीसाठी हात पुढं केला. विरू उठला, दंडावरची पट्टी सोडली आणि घडी घालायला लागला. साडीची घालतात तशी, कड कडेला लावून.

"थांबा जरा, अध्यक्ष," संगमेश बसल्या जागेवरून म्हणाला. त्याचा एक बूट पायात होता, एक हातात. "पट्टी राहू द्या त्यांच्याकडं."

"अरे, आत्ता तूच त्याला बोलून राहिला होतास की," हणमंतराव म्हणाले.

"बोललो. उद्या बी बोलणार हाय, माझा राग काय गेला न्हाई. पण सात वर्षं घालवली आपण सगळ्यांनी, तवा कुठं आज या माणसाला न्हाई म्हणता आलंय. आता हरिओमला पट्टी दिली तर त्याला शिकवायला आणखी सात जातील. तोवर माझे गुडघे राहायचे न्हाईत."

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी म्हणालं, "खरं हाय." मग बाकीचेही हाव, हाव करायला लागले, अगदी तो अपेंडिक्सवालासुद्धा. हणमंतरावांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि पुढं केलेला हात खिशात घातला.

विरू पट्टी पुन्हा बांधायला लागला. एका हातानं गाठ बसेना. मी जवळ गेलो आणि बांधून दिली.