मॅडमचा हप्ता

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शैलाताई बनसोडे कुत्र्याला भितात, आणि ते भिणं साधंसुधं नाही. कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत कुत्रं दिसलं की त्या जागच्या जागी थिजतात, पिशवी छातीशी धरतात आणि ते निघून जाईपर्यंत हलत नाहीत. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली बाई. भल्याभल्या ठेकेदारांना कागद अपुरे आहेत म्हणून जिना उतरायला लावलेली. पण गेटपाशी शेपूट हललं की सगळी ऐट संपली. सुरुवातीला मला हसू यायचं. मी मास्तरीण होते, लोकांना हसायची मला सवय आहे.

मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. त्या मूळच्या लोणी काळभोरच्या. आठ वर्षांच्या असताना शाळेतून येताना कुत्र्याने त्यांची पोटरी फोडली. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, रोज एक. वडील, तात्याराव, त्यांना रोज एसटीने पुण्याला सरकारी दवाखान्यात आणायचे आणि सुई टोचेपर्यंत दोन्ही हात दाबून धरायचे. कुत्रं एकदाच चावलं, पण हात चौदा वेळा धरले, असं त्या म्हणाल्या. शेवटी त्या वडिलांनाच भ्यायला लागल्या. ते घरात आले की पलंगाखाली जाऊन बसायच्या. त्यानंतर मी त्यांना हसले नाही.

आता आमच्या गेटवर एक काळी कुत्री असते. एक कान फाटलेला, आणि बसायची जागा बरोबर छोट्या दाराच्या मधोमध. शैलाताईंनी तिचं नाव ठेवलं मॅडम, कारण त्यांच्या कचेरीतल्या मोठ्या बाई अशाच होत्या, पाच मिनिटं उभं करून मग मान वर करायच्या. मॅडम कधी कुणाला चावली नाही, पण शैलाताई तिच्यामुळे दूध आणायलाही बाहेर पडेनाशा झाल्या. बंगळूरला असलेल्या त्यांच्या मुलीने, आम्रपालीने, फोनवर उपाय सांगितला. आईच्या कोलेस्टेरॉलसाठी तिने एअर फ्रायर पाठवला होता आणि तो वर्षभर भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला होता. त्यात कुत्रीसाठी रोज काहीतरी कर आणि तिला दे, असं तिने सुचवलं.

"म्हणजे हप्ता," शैलाताई म्हणाल्या.

तर दोन वर्षं हा हप्ता सुरू होता. रताळं आणि कोंबडीची कलेजी उकडून कुस्करायची, थोडं ओटचं पीठ घालून चपट्या वड्या थापायच्या, एकशे साठवर अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. सकाळी साडेसहाला तो वास आमच्या शाकाहारी दारातून आत यायचा आणि मी खोकून निषेध नोंदवायचे. यंत्राच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. मीठ नाही. कांदा-लसूण नाही. चॉकलेट नाही. द्राक्षे नाहीत. खाली तारीख आणि सही. सही कशाला, असं विचारलं तर म्हणाल्या की सही असली म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळतं.

वड्या त्या वर्तमानपत्रावर दहा हात लांब ठेवायच्या, "घ्या मॅडम" म्हणायच्या आणि पाठ न वळवता मागे सरकत जिन्यापर्यंत यायच्या. दोन वर्षांत त्यांनी तिला एकदाही हात लावला नव्हता. मॅडम मात्र त्यांच्याखेरीज कुणाच्या हातचं खायची नाही. आमच्या बिस्किटांचा तिने नुसता वास घेतला.

गेल्या बुद्धपौर्णिमेला शैलाताईंनी नेहमीप्रमाणे पातेलंभर खीर केली. विहारात नेली, सोसायटीत वाटली, मलाही वाटी आली. बेदाणे सढळ हाताने घातलेले. तरी थोडी उरली आणि फ्रीजमध्ये घट्ट झाली. पौर्णिमेला त्या मांसाहार करत नाहीत, त्यामुळे घरात कलेजी नव्हती. पूजेची खीर टाकायला जीव होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती रताळ्यात कालवली आणि आठ वड्या केल्या. एअर फ्रायरमध्ये बेदाणे छान टच्च फुगले. मॅडमने आठही खाल्ल्या. कौतुकाने त्यांनी उरलेल्या पिठाच्या गोळ्याचा फोटो मुलीला पाठवला.

पाच मिनिटांत माझी बेल वाजली. शैलाताई दारात उभ्या होत्या, पायात चपला नव्हत्या आणि हातात भिंतीवरून ओढून काढलेला तो कागद होता.

"ललिताताई, बेदाणे म्हणजे द्राक्षंच ना?"

मला क्षणभर काही समजलं नाही. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. आम्रपालीचा फोन आला होता. द्राक्षं कुत्र्यांना बाधतात आणि वाळलेली तर जास्तच. मूत्रपिंडं बंद पडतात. काहींना काही होत नाही, काही चार दाण्यांनी जातात, आधी कळत नाही. दोन तासांच्या आत उलटी करवली तर आशा असते. आणि दोन तासांतली वीस मिनिटं गेलीच होती.

कोथरूडच्या एका दवाखान्यात फोन लागला. डॉक्टर म्हणाले की लगेच आणा, पण पकडायला पाठवायला माणूस नाही, तो सुट्टीवर आहे. वॉचमन म्हणाला की तो कुत्र्याला हात लावणार नाही, त्याच्या घरी लहान मुलं आहेत. मी गाडी काढली. गाडी काढली म्हणजे माझं काम झालं, अशा थाटात मी स्टिअरिंग धरून बसले, कारण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मॅडम दाराच्या मधोमध पसरली होती, पोट भरलेलं, डोळे अर्धे मिटलेले. अगदी धडधाकट.

शैलाताई तिच्यापासून दहा हातांवर उभ्या राहिल्या. मग पाच. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मॅडमने मान वर केली आणि हप्ता दुसऱ्यांदा आला या आनंदात शेपूट आपटलं. शैलाताईंनी डोळे गच्च मिटले, खाली वाकल्या आणि तिला उचललं. पंधरा-सोळा किलोचं जनावर. गाडीच्या मागच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामाने निथळत होता, आणि मॅडम त्यांची हनुवटी चाटत होती. कोथरूडपर्यंत त्या एकच वाक्य म्हणत होत्या, मी सही केली होती, मी सही केली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सुई भरली आणि घट्ट धरायला सांगितलं. शैलाताईंनी मॅडमचे पुढचे दोन्ही पाय धरले. सुई गेली तशी मॅडम किंचाळली आणि तिने वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ती चावली नाही. चावली असती तर बरं झालं असतं, असं शैलाताई नंतर म्हणाल्या. थोड्या वेळात सगळं बाहेर पडलं. डॉक्टरांनी चिमट्याने बेदाणे बाजूला केले. एकवीस निघाले. किती घातले होते ते शैलाताईंना सांगता येईना, आणि आत काही उरलेत का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. तीन दिवस रोज आणा, सलाइन लावू, रक्त तपासू, लघवी करते का त्यावर लक्ष ठेवा, असं सांगून त्यांनी आम्हाला सोडलं.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. मॅडमला सायकलींच्या शेडमध्ये दोरीने बांधलं होतं आणि शैलाताई तिच्यासमोर स्टुलावर. मॅडमने लघवी केली की वर मला फोन यायचा. फोनला उशीर झाला की मी खिडकीत. दुसऱ्या दिवशी तिने सकाळपासून दुपारी एकपर्यंत केली नाही, तेव्हा शैलाताई मला म्हणाल्या की त्यांना आता कुत्र्याची भीती वाटत नाही, ते मरेल याची वाटते, आणि ही पहिल्या भीतीपेक्षा वाईट आहे. रोज सकाळी दवाखाना, रोज सुई, रोज तेच दोन हात. तिसऱ्या दिवशी मॅडम गाडीचं दार उघडताच लटपटायला लागली.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की मूत्रपिंडं ठीक आहेत. मी गाडीतच रडले. शैलाताई रडल्या नाहीत, त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा कलेजीचा वास आला आणि मी खोकले नाही. दोघी खाली गेलो. गेटच्या दाराच्या मधोमध मॅडम होतीच. शैलाताईंना बघताच ती उठली, शेपूट पोटाखाली घेतलं आणि समोर उभ्या असलेल्या गाडीखाली पार आत घुसली. शैलाताईंनी वड्या ठेवल्या, हाक मारली. आतून नुसते दोन डोळे दिसत होते. कुत्र्यांनी आपल्यापासून लांब राहावं, अशी या बाईची चोपन्न वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी झाली.

मला वाटलं, आता त्या वर जातील. त्या गाडीपासून थोड्या अंतरावर पायरीवर बसल्या, हात मांडीवर, दिसतील असे उघडे.

मी म्हटलं, ती आज यायची नाही, चला.

"नाही यायची," त्या म्हणाल्या. "मी पलंगाखाली जायचे ना, तेव्हा तात्या असेच बसायचे. ओढायचे नाहीत, बोलायचे नाहीत. नुसते बसायचे."

"मग किती दिवसांनी आलात बाहेर?"

"अकरा."

मी वर गेले, चहा टाकला आणि येताना दोन खुर्च्या घेऊन खाली आले.