लिफ्टवाल्या काकांचे पाच कागद

समजा, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट सोडवून तुम्ही नुकतेच खाली आला आहात. हात अजून ग्रीसने माखलेले आहेत आणि कुणीतरी कोरा कागद पुढे करून म्हणतंय, "काय झालं ते नंतर. आधी फक्त काय दिसलं, काय ऐकू आलं, तेवढं टिपा." तुम्ही टिपता. दुसऱ्या कागदावर टिपलेल्याला क्रम लावायचा. तिसऱ्यावर सलग लिहायचं. चौथ्यावर ते उतरवून मोठ्याने वाचायचं आणि जीभ अडखळेल तिथे खोडायचं. पाचव्यावर स्वच्छ प्रत. मग पाचही कागद टाचून द्यायचे, कारण बाईंना तुमच्या स्वच्छ प्रतीचं फार कौतुक नसतं. त्यांना खोडलेलं बघायचं असतं.

आमच्या तांत्रिक संस्थेत संध्याकाळच्या वर्गाला लेखन शिकवणाऱ्या या बाईंना सगळे पायरीबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. "पायरी म्हणतात तोवर ठीक आहे, पायपुसणं म्हणेनात म्हणजे मिळवलं," असं त्याच म्हणतात. मी शेजारच्या खोलीत विद्युत आराखडे शिकवतो. मध्ये फक्त प्लायवूड आहे, त्यामुळे अर्धं लेखन मीही शिकलो.

इथे येण्यापूर्वी बाई बारा वर्षं एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर होत्या. दिवसभर अपघातांचे जबाब वाचायच्या. घाबरलेल्या माणसाला 'काय झालं' विचारलं तर तो निकाल सांगतो आणि 'काय दिसलं' विचारलं तर हकीकत सांगतो, हे त्यांना तिथे कळलं. पाच कागदांच्या पाच पायऱ्या त्यातूनच आल्या. संशयही तिथूनच आला. "खऱ्या जबाबात एक तरी गोष्ट कुठेच बसत नाही. सगळं नीट बसलं की समजायचं, कुणीतरी बसवलंय." घरी यजमान फिरून आले की बाई म्हणे आधी त्यांच्या चपलांचे तळ बघतात.

गेल्या वर्षी वर्गात लिफ्टवाले काका आले. वय एक्कावन्न. अठ्ठावीस वर्षं लिफ्टच्या उभ्या भुयारात चढउतार करून गुडघे गेलेले. डॉक्टरांनी शिड्या बंद करायला सांगितल्या होत्या. आता टेबलावरचं पर्यवेक्षकाचं काम मिळालं तरच नोकरी टिकणार होती आणि त्यासाठी लेखनाची परीक्षा पास होणं सक्तीचं होतं. परीक्षेच्या लेखाखाली शिक्षकाने सही करायची असते: 'हे लेखन उमेदवाराचे स्वतःचे आहे.'

काका वर्गात मागच्या बाकावर कोरा कागद समोर ठेवून बसायचे. पोरं चिडवायची, "काका, लिहा की! का वीज गेली?" काका नुसते हसायचे. आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी परीक्षेचा जो लेख दिला, तो वाचून बाईंनी चष्मा काढून पुसला. एका बंद पडलेल्या लिफ्टमधल्या म्हातारीशी काका वरून बोलत राहिले, तेवढीच गोष्ट. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती.

"इतकं चांगलं?" बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय."

"माणूस हुशार असेल," मी म्हटलं.

"हुशार माणूस जास्त खोडतो. हे बघा." त्यांनी पाच कागद पसरले. पहिल्या कागदावर पाच चुका, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन. "चुका अशा शहाण्यासारख्या रांगेत जातात का?"

मग त्यांनी पहिला कागद टेबललॅम्पखाली तिरपा धरला. कागदावर पेनाचे दाब उठले होते, पण ते त्या कागदावरच्या अक्षरांचे नव्हते. ती वाक्यं स्वच्छ प्रतीतली होती. म्हणजे स्वच्छ प्रत वहीत आधी लिहिली गेली आणि 'पहिली पायरी' तिच्या खालच्या कागदावर नंतर.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावणं गेलं. सोबत त्यांची लेक आली. ती कॉलेजात शिकते आणि बाईंचा संशय तिच्यावरच होता.

"लेख कुणी लिहिला?" बाईंनी थेट विचारलं.

"बाबांनी," लेक म्हणाली. "मी लिहिला असता तर एवढासा असता का? मला चार पानांखाली थांबता येत नाही. विचारा आमच्या सरांना."

"मग हे कागद उलटे कसे?"

काकांची मान खाली गेली. "बाई, कागद मीच नंतर भरले. आमच्यात तसंच असतं. आधी काम उरकायचं, मग तपासणीचा फॉर्म भरायचा. लिफ्टच्या टपावर उभं राहून कोण रकाने भरणार? मला वाटलं, तुमच्या पायऱ्या म्हणजे तसेच रकाने."

"चुकासुद्धा भरल्या?"

"एकही चूक नसली की साहेब म्हणतात, तपासलंच नाही."

लेकीला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. "आणि लेख? तो कुठे घडला?"

"भुयारात. दोन्ही हात अडकलेले असतात. मनातच म्हणत बसतो. जमलं की उतरवतो."

बाईंचा विश्वास बसला नाही. फॉर्म खोटा भरणारा माणूस बाकी खरं कशावरून बोलेल? पण लेख खरंच त्यांचा असला आणि सही नाकारली, तर चोर सोडून संन्याशाला सुळी. "हातच्या काकणाला आरसा कशाला," त्या म्हणाल्या. "आत्ता लिहा. समोरच्या जिन्यात तुम्हाला काय दिसतं, यावर."

लेकीला त्यांनी माझ्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. काका पेन खाली ठेवून जिन्यात गेले. एक पायरी चढायचे, थांबायचे, कठड्याचा सैल बोल्ट बोटांनी फिरवायचे. ओठ हलत होते. पाऊण तास कागद कोरा. बाई घड्याळ बघत होत्या आणि दर पाच मिनिटांनी खिडकीबाहेरून कुणी काकांना खुणा करत नाही ना, तेही बघत होत्या.

मग काका आले आणि अकरा ओळी लिहून मोकळे झाले. जिन्यावर लोक कठड्याला एकाच ठिकाणी हात लावतात, तेवढाच रंग उडालाय, आणि ती जागा लहान मुलांच्या उंचीची आहे. अशा अकरा ओळी. एकही खाडाखोड नाही.

बाईंनी त्या दोनदा वाचल्या. कागद उलटा करून मागून पाहिला. लेकीला बोलावून विचारलं, "घरी असे ओठ हलवतात?"

"जेवतानासुद्धा. आई म्हणते, दोन घास कमी बोला."

बाईंनी सही केली. पण ते खोटे चार कागद लेखाला जोडू दिले नाहीत. काकांसमोर त्यांचे तुकडे केले.

काका आता पर्यवेक्षक आहेत. आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या तपासणीला दर सहा महिन्यांनी येतात. बाई पेपर बाजूला ठेवून त्यांना गाठतात. मागच्या वेळी मी तिथेच होतो.

"मनात खोडता ना? मग काय काय खोडलंत ते सांगा."

"टाकलेलं कोण लक्षात ठेवतं, बाई?"

"लक्षात नाही ते मान्य. पण टाकायचं हे कळतं कसं?"

काका विचारात पडले. ओठ हलू लागले. मग खालून कुणीतरी हाक मारली आणि ते गेले. बाई वर्गात परतल्या. तीस मुलं पहिल्या कागदावर वाकून बसली होती. त्यांच्याकडे बघत बाई मला हळूच म्हणाल्या, "खोडलेलं बघून मी शिकवते. ज्याचं खोडलेलं दिसतच नाही, त्याला मी नक्की काय शिकवलं?"