बाळूची तांब्याची बाटली

बाळू गेल्याचा मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, प्रयोगशाळेत, संगणकावर एका प्रथिनाची आकृती फिरवत बसले होते. पेशीच्या आवरणात रुतलेलं हे प्रथिन म्हणजे पंपच. आतल्या बाजूला सहा हात, जादा तांबं धरून बाहेर टाकायला. बाळूचा हाच पंप जन्मापासून निकामी होता. सात वर्षं मी त्याची रचना चघळते आहे, आणि समोर बसलेल्या मामेभावाचा आजार मला ओळखता आला नाही... महिना उलटला तरी स्वतःची किळस जात नाही.

पासलीत, मामाच्या गावी, भातलावणीला बाळूसारखा हात नव्हता. मग त्या हाताला कंप सुटला, जीभ जड झाली, डोळे पिवळे झाले. गावानं ठरवून टाकलं, पोरगं दारूला लागलं. हे सांगणारे स्वतः रोज पिणारे, याची शिसारी येते. एका दिवाळीत बाळू मला एकदाच म्हणाला, "ताई, म्या थेंब घेत न्हाई. तुला तरी पटतं का?" मी "पटतं" म्हणाले आणि हळूच पुढे वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. मी काय केलं ते त्याला कळलं होतं.

त्याच दिवाळीत मी त्याला तांब्याची बाटली नेली, पोटाला चांगली म्हणून. मामी त्यातलं पाणी त्याला रोज उपाशीपोटी पाजायची. तो त्यानंच गेला असं नाही, पण साठलेल्या विषात भर मी घातली. डॉक्टरांना त्याच्या बुबुळाभोवती साठलेल्या तांब्याचं तपकिरी कडं दिसलं तोवर यकृत संपलं होतं.

तेराव्याला मी बाळूच्या धाकट्या बहिणीच्या, रंजीच्या तपासणीचं बोलले. हा दोष भावंडांत असू शकतो, आणि वेळेवर गोळ्या मिळाल्या तर माणूस जगतो. मामा म्हणाले, "तिचं लगीन ठरतंय. आत्ता रगत तपासलं तर पावण्यांना काय सांगू?" खिडकीत बाटली चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली. मामी म्हणाली, "तू दिलेली हाय, म्हनून आता रंजीला देते."

तेव्हा मी मामीला तांब्याचं, बाटलीचं सगळं सांगितलं, वास घेतल्याचंसुद्धा.

परवा ती मामांना न सांगता पहिल्या एसटीनं रंजीला घेऊन पुण्यात आली. रक्त दिलं, अहवाल यायचाय. निघताना पिशवीतून रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. "घरात ठिवू वाटंना, टाकू वाटंना. तूच ठेव."

बाटली आता माझ्या संगणकाशेजारी असते. काळी पडत चालली आहे. मी ती घासत नाही.