खाडीत पडलेलं स्मशान

जेवण नंतर, आधी हे लिहून टाकते. आज नाही लिहिलं तर उद्यापर्यंत मीच स्वतःला शहाणी ठरवून भलतंच काहीतरी सांगेन.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी आरे-वारेच्या पुढच्या एका खाडीच्या तोंडाशी टॅब घेऊन उभी होते. माझ्या नकाशाप्रमाणे समोर स्मशान होतं. पाण्यात. मधोमध.

मी रत्नागिरीत एका सर्व्हे कंपनीत आहे. जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवणं हे माझं काम. इथे प्रश्न होता नव्या जेट्टीच्या पार्किंगचा. त्यासाठी खाडीकाठची मोकळी जमीन धरलेली. सातबाऱ्यावर ती सरकारी पड. बौद्धवाडीचं म्हणणं, हे आमचं स्मशान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कागद दाखवा म्हटलं, तर कागद नाही.

आणि मला कागद सापडला! इंग्रजांच्या वेळचा त्या बंदराचा नकाशा. होड्यांना वाट कळावी म्हणून काढलेला. पाणी किती खोल, खडक कुठे, किनाऱ्यावर खुणेला काय दिसतं, एवढंच त्यात. एका कोपऱ्यात बारीक अक्षरात 'बर्निंग ग्राउंड', म्हणजे स्मशान. मी ऑफिसात ओरडलेच.

नकाशा बसवतात कसा? तेव्हा होतं आणि आजही आहे असं ठिकाण शोधायचं, दोन्ही नकाशांवर तिथे टाचणी मारायची. अशा चार-पाच टाचण्या झाल्या की सॉफ्टवेअर जुना कागद नव्यावर बसवतं. मी खडकाचं टोक घेतलं, जकातीच्या चौकीचं जोतं, पलीकडची विहीर आणि गावचं देऊळ. देऊळ काही केल्या जुळेना. गावात दोघातिघांना फोन केले. सगळे म्हणाले, देऊळ पहिल्यापासून इथंच आहे.

मग मी रबर शीटचा ऑप्शन लावला. त्यात कागद रबरासारखा ताणला जातो आणि प्रत्येक टाचणी जागेवर येतेच. स्क्रीनवर चूक किती दिसते? शून्य. मी स्क्रीनशॉटसुद्धा काढला! पण देवळाच्या ओढीने त्याच्या खालचं स्मशानही सरकलं आणि खाडीत पडलं.

आमचे सर बघून म्हणाले, "तुझ्या नकाशात मढी पोहत जाळतात काय?"

सगळे हसले. मीही हसले. हे लिहायला बरं वाटत नाहीये, पण हसले.

"जुन्या सर्व्हेयरची चूक असणार," सर म्हणाले. "लिही, नोंद विश्वासार्ह नाही. साइटचे फोटो काढून ये, परवा रिपोर्ट द्यायचाय."

म्हणून मी तिथे उभी होते. बौद्धवाडीतले एक रिटायर्ड गुरुजी आले. काठी टेकत, सावकाश.

"बाय, काय दाखवतोय तुझा नकाशा?"

मी टॅब त्यांच्याकडे फिरवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"माझे वडील आम्ही पाण्यात नाय जाळले," ते म्हणाले. "दोन वर्षांमागे मंडळी गेली. तिलाही इथंच आणलं."

मी टॅब खाली घेतला.

"खुणा कुठल्या घेतल्यास?" त्यांनी वही तपासावी तसं विचारलं. मी एकेक सांगितली. देवळापाशी त्यांनी थांबवलं.

"हे देऊळ नंतरचं गो. आधीचं वर होतं. माझ्या आज्याच्या लहानपणी खाली आणलं."

"पण गावात सगळे म्हणतात, पहिल्यापासून इथंच."

"त्यांनी कशाला लक्षात ठेवावं? ते आत जात होते."

आम्ही वर चढलो. करवंदीच्या जाळीत जुन्या देवळाचं जांभ्याचं जोतं होतं. तिथून चाळीसेक पावलांवर एक उभा दगड. गुरुजींनी त्याला काठी लावली.

"आमच्या माणसांनी याच्या पुढे यायचं नाही. इथूनच हात जोडायचे. देऊळ खाली गेलं, दगड राहिला. दीक्षा घेतली आणि हात जोडणं संपलं. तरी वडलांनी मला इथं आणून दाखवला होता. विसरू नको म्हणाले."

मी जोत्यावर उभी राहून जागेचं जीपीएस रीडिंग घेतलं. नव्या देवळाची टाचणी काढली, इथे मारली. रबर शीट बंद केलं. आता कागद फक्त फिरतो, लहानमोठा होतो, ताणला जात नाही. चूक आली चार मीटर, इतक्या जुन्या कागदाला चालण्यासारखी. आणि स्मशान पाण्यातून बाहेर आलं. खाली सरणांनी काळे पडलेले दगड दिसत होते, बरोबर तिथे.

सरांना फोन लावला. "सर, रिपोर्ट बदलतेय. देऊळ हललेलं आहे."

"कोण म्हणतं? टाचणी का काढली, त्याचं कारण लिहावं लागेल."

मी गुरुजींकडे बघितलं. "दगडाचं लिहू?"

"लिही. नुसतं 'स्थानिकांनी सांगितलं' असं नको. आम्हाला का माहीत होतं, तेही लिही."

फोनवर सरांनी ते ऐकलं होतं. म्हणाले, "लिही. दगडाचा फोटो नीट काढ. जोत्याचाही."

आज दुपारी नवीन ड्रॉइंग आलं. पार्किंग सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, बाजूला सरकलंय. काठावरच्या जागेवर छापलंय, 'स्मशानभूमी, बौद्धवाडी'. मी लगेच गुरुजींना फोन केला. "बरं झालं," ते म्हणाले. "वाडीत सांगतो." आणि ठेवला.

मी शिकले ते एवढंच. चूक शून्य आली की काम पुन्हा तपासायचं. आणि गावात खूण विचारायची तर आत जाणाऱ्यांना विचारून भागत नाही, ज्यांना बाहेर उभं केलं होतं त्यांनाही विचारायचं.

तुमच्या गावात आहे का अशी एखादी जागा, जी एकाच वाडीला नेमकी माहीत आहे? तुम्ही कधी विचारलंय त्यांना, की माझ्यासारखंच आधी हसून मोकळे झालात?