बायडाबाईनं लावलेली बाळंतिणीची खोली

जामखेडच्या पलीकडच्या त्या वाडीत बायडाबाईला सल्ला द्यायची हिंमत कुणात नव्हती. बत्तीस हंगाम तिनं ऊसतोडीत काढलेले. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढणाऱ्या बाईला घर कसं लावायचं ते कोण शिकवणार? त्यातून यंदा लेकीचं, सविताचं, पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं आणि दिवस भरत होते ऐन पौषात, म्हणजे तोडीच्या मध्यावर. "यंदा मी येत न्हाई," तिनं नवऱ्याला, कल्याणला, गणपतीतच सांगून टाकलं. नवरा-बायकोच्या जोडीला तोडीत एक कोयता म्हणतात. बायको नाही म्हटल्यावर कल्याण अर्धा कोयता झाला आणि दसरा झाल्यावर पुतण्याच्या टोळीतून निमूट निघून गेला.

सविता स्वतः कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्मलेली. दुपारपर्यंत मोळ्या वाहिल्या आणि दिवेलागणीला पोर झाली, हे बायडाबाई मोठ्या तोऱ्यात सांगायची. सांगून झालं की उगाच कुणावर तरी डाफरायची. लेकीच्या बाळाला चार पक्क्या भिंती मिळाल्या पाहिजेत, एवढं एकच तिच्या मनानं धरलं होतं.

आता घरातली सगळ्यात चांगली खोली कुठली, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आतली. उन्हाळ्यात पत्रा तापून पुढची खोली भट्टी झाली की सगळं घर आतल्या दगडी खोलीत येऊन लोळायचं. तिनं ती चुन्यानं रंगवली. बाळाला वारं लागावं म्हणून उत्तरेच्या भिंतीत गवंड्याकडून हातभर खिडकी पाडून घेतली. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला, पाणी मारलं की झकास गारवा. टेबलफॅन आणला. घामोळ्याची पावडर तर दोन डबे. शेजारची छबूबाई गुडघे गेल्यापासून तोडीला जात नव्हती. ती दारातून हे सगळं बघत उभी राहिली.

"बायडे, बाळंतपन पौषात हाय न्हवं?"

"व्हय. मंग?"

"काय न्हाई," म्हणून छबूबाई शहाण्यासारखी घरी गेली.

बाईचं डोकं ठिकाणावर होतं ना, असं कुणालाही वाटेल. अगदी ठिकाणावर होतं. पण वैशाखात लग्न होऊन ती या घरात आली आणि त्याच दसऱ्याला तोडीला गेली. तेव्हापासून दसऱ्याला जायचं आणि होळीच्या पुढंमागं परतायचं. तिच्या लेखी हे घर एक तर तापायचं, नाहीतर गळायचं. थंडी ही कोल्हापूरकडच्या उसात पडणारी गोष्ट होती. यंदा कार्तिकात अंग काकडायला लागलं तेव्हासुद्धा तिला वाटलं, घरात माणूस नाही म्हणून असं होत असेल.

मार्गशीर्षात सविता आली. तिचा नवरा सुप्याला कंपनीत कामाला. तो तिला सोडून त्याच दिवशी माघारी फिरला. बायडाबाईनं लेकीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चप्पल काढायचीही उसंत न देता तिला आतल्या खोलीच्या दारात नेलं. नवी बाज, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, फडफडणारा वाळा. आता पोरगी काय म्हणते म्हणून ती तोंडाकडं बघत राहिली. सविता उंबऱ्यातच थांबली. तिनं भिंतीला तळवा लावला आणि पदर कानावरनं घेतला.

"आई, हितं कोन झोपनार?"

"कोन म्हंजे? तू आन बाळ."

सविताला हसू आलं. मग ते तिनं आवरलं. "आगं, थंडीत ह्या खोलीत आजी नुसती ज्वारी ठेवायची. हितं दही लागत न्हाई. मानूस कसं निजंल?"

"मग कुटं निजायचं?"

"चुलीमागं. भिंत ऊब धरून ऱ्हाती. सकाळी पडवीच्या उजव्या कोपऱ्यात ऊन येतं, तितं बाळाला न्हायाला घालायचं. डाव्या कोपऱ्यात नगं, तितं वारं घुसतं."

"तुला गं कसं ठावं?" बायडाबाई म्हणाली.

"मी हितंच तर हुते की. आजीपशी. बारा हिवाळे." शाळेसाठी पोरीला मागं ठेवावं लागलं होतं. सविताच्या आवाजात तक्रारीचा लवलेश नव्हता, आणि त्याचंच बायडाबाईला जास्त लागलं. ओरडली असती तर तिला उलटून ओरडता आलं असतं.

तिनं बाज उचलून चुलीमागं आणली. खिडकीत पोतं कोंबलं. मग लेकीपुढं खाली बसली. "आजून काय काय ठावं हाय तुला ह्या घराचं? समदं सांग."

सविता सांगत गेली. थंडीत मांजर कुठं व्यायची, तुळशीपर्यंत ऊन कधी पोचायचं, कुठल्या फटीत चिंधी कोंबायची. त्याच ओघात तिनं हेही सांगितलं, की होळी जवळ आली की वेशीजवळच्या दगडावर बसायचं, तिथनं तोडीवरनं परतणारा ट्रॅक्टर लांबूनच ऐकू येतो.

"लई येळ बसायचीस का गं?" बायडाबाईनं विचारलं.

"न्हाई," सविता म्हणाली. "दिवस मावळला की आजी उठवून न्यायची."